गयासचा हात

मुख्तारभाईंच्या दारात मी चपला काढल्या आणि बाजूला सरकून उभा राहिलो. माझी बायको सत्यभामा आधी आत जायची, मग मी. इतकी वर्षं असंच चालत आलं होतं. आतून मुख्तारभाई "आओ सर, आओ" म्हणत होते आणि मी भिंतीला पाठ लावून वाट करून दिलेली. त्यांचा आवाज मध्येच थांबला. त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मलाही तेव्हाच कळलं. ती गेली त्याला एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला, आता पुन्हा थंडी आली. घरात मी असा कधी चुकलो नव्हतो. एकच ताट घ्यायचं, एकाचाच चहा टाकायचा, हे हाताला कळलं होतं. दुसऱ्याच्या दारात कसं उभं राहायचं, ते मात्र शिकायचं राहिलं होतं. मुख्तारभाईंनी पुढं येऊन माझा दंड धरला आणि मला आत नेलं. म्हाताऱ्याला नेतात तसं.

बुढीलेनमधलं हे घर मला नवं नव्हतं. मुख्तारभाईंचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या दुकानात मावत नाहीत म्हणून बैठकीत उभ्या करून ठेवलेल्या असतात. तो वास मी ओळखत होतो. त्यांचा थोरला गयास माझ्याकडं खेळायचा तेव्हा आम्ही दोघं इथं आलो होतो. आता धाकटा याह्या खेळतो. त्याच्यासाठी मी आलो होतो, एकटा.

आमच्या फुटबॉल क्लबाच्या दोन टीम आहेत. पोरं त्यांना छोटी टीम आणि बडी टीम म्हणतात. छोटीतला पोरगा बडीत घ्यायचा तर नुसता खेळ बघून भागत नाही. समोर दाढीमिशांचे बाप्ये असतात. ते खांदा मारतात, पोटऱ्या सोलतात. आमखास मैदानाच्या कडेला उभे असलेले लोक आईबहिणीवरून शिव्या देतात. कधी जीपनं नांदेडला, परभणीला जावं लागतं. कोवळा पोरगा घाईनं उतरवला तर मोडतो आणि उशीर केला तर आंबतो, असं मी क्लबाच्या मीटिंगमध्ये नेहमी सांगायचो. लोक माना हलवायचे. पण घाई कुठं संपते आणि उशीर कुठं सुरू होतो, हे मला कधी नक्की सांगता आलं नाही. ते सत्यभामा सांगायची.

घर बघायची रीत तिनंच घातली. फार मागं सांडू नावाच्या पोराला मी बड्या टीममध्ये उतरवलं, तर हाफटाइमच्या आत त्याचा बाप मैदानात आला आणि सगळ्यांच्या देखत पोराची मान धरून त्याला घेऊन गेला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हसायला लागली. म्हणाली, "मुलगी बघायला जातात ना, तसं मुलगा बघून येत जा की. घर बघावं, माणसं बघावीत." मी म्हणालो, "मग तूही चल." ती हात धुऊन लगेच तयार झाली. तेव्हापासून कुणाला बड्या टीममध्ये घ्यायचं म्हटलं की आम्ही दोघं त्याच्या घरी जायचो. पोरं एकमेकांना चिडवायची, "तेरा रिश्ता आया रे!" "अम्मी को बोल, पोहे कर." भीमनगरातली पोरं म्हणायची, "सर हुंडा किती घेणार?" मी बैठकीत बसायचो, बापाशी बोलायचो. ती घरातल्या लहान लेकरासाठी नेलेला नानखटाईचा पुडा घेऊन सरळ आत स्वयंपाकघरात जायची. चहा होऊन कप परत आत गेले तरी ती बाहेर यायची नाही. मग पदर सारखा करत यायची, "चला" म्हणायची, आणि त्या घरची बाई तिला दारापर्यंत सोडायला यायची.

निकाल स्कूटरवर मिळायचा. मकाई दरवाजाशी रस्ता अरुंद होतो, तिथं मी वेग कमी करायचो. तेव्हा ती माझ्या कानामागून सांगायची. "घ्या त्याला." नाहीतर, "अजून नको." एवढंच. मी का म्हणून विचारायचो नाही. भाजीत मीठ किती घातलं हे तिला विचारायचो नाही, तसंच हे. क्लबात मात्र मी मिरवायचो. आमच्या मंडळींची पारख म्हणजे पारख, असं म्हणायचो. लोकही मानायचे.

फक्त एकदा मी विचारलं होतं. गयासच्या वेळी. त्याच्यासारखा डावा पाय मी आमखासवर नंतर पाहिला नाही. मी मनातून त्याला घेऊनच टाकलं होतं. घर बघायचं ते रीत म्हणून. आणि मकाई दरवाजाशी ती म्हणाली, "अजून नको." मी स्कूटर जवळजवळ थांबवली. "का गं?" खाम नदीचा पूल ओलांडला, बेगमपुरा गेला. मग म्हणाली, "पाणी देताना त्याचा हात लागला. थंड होता. घाबरतं पोरगं."

मी ते खरं धरलं. नुसतं खरं धरलं नाही, त्याचा नियम केला. तेव्हापासून मी पोराला बड्या टीममध्ये घ्यायच्या आधी त्याचा हात हातात घेऊन बघायला लागलो. थंड लागला तर पोरगा कच्चा. पुढं ते सगळ्या क्लबाला माहीत झालं, गयासच्या हातावरून सुरू झालं तेही. सर हात पुढं करणार असं दिसलं की पोरं हात पाठीमागं नेऊन चोळायला लागायची. गयास त्या वर्षी छोट्या टीममध्येच राहिला, पुढल्या वर्षी त्यानं बूट दुसऱ्या पोराला देऊन टाकले आणि चितेगावला एका कंपनीत वेल्डिंगला लागला. मी मनात म्हणायचो, बरं झालं, कच्चा होता.

या रविवारी नांदेडच्या टीमशी सामना होता. आमच्या डाव्या बाजूला खेळणारा अतुल गुडघा धरून घरी बसला होता. क्लबाचे सेक्रेटरी अप्पाराव मला म्हणाले, "सर, याह्याला घ्या आन् मोकळे व्हा. इचार कशाचा करता? वहिनी नाहीत म्हनून काय क्लब बंद ठेवायचा का?" वाईट बोलायचं म्हणून ते बोलले नव्हते. पण मला याह्याचं काहीच ठरवता येईना. मैदानावर तो मला तयार वाटायचा आणि घरी येऊन अंथरुणावर पडलो की कोवळा वाटायचा. मोडला तर? मोडू नये म्हणून ठेवला आणि भावासारखा बूट देऊन टाकून निघून गेला तर? शेवटी शहागंजातून नानखटाईचा पुडा घेतला आणि निघालो.

"सर, गाडी का पिछला सीट पूरा फट गया," मुख्तारभाई दारातून माझ्या स्कूटरकडं बघत म्हणाले. "अंदर का फोम दिखरा. इधरीच छोड़ को जाओ, कल नया कव्हर डाल देता."

"राहू द्या," मी म्हणालो. "मागं कोण बसतंय आता."

ते उगाच मोठ्यानं ओरडले, "याह्या! अबे, सर आए!"

याह्या आला, सलाम केला, भिंतीशी उभा राहिला. त्याच्या मागं धाकटी निलोफर. तिनं माझ्या हातातला पुडा आधीच पाहिलेला. मी हात पुढं केला. याह्यानं हात दिला. नुसता गरम नाही, चटका बसेल इतका गरम.

"भैया ने चाय का गिलास पकड़ को रखा था!" निलोफर म्हणाली. "कब का पकड़ को रखा था!"

"चुप बैठ गे," याह्या म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

मुख्तारभाई हसत सुटले. "सर को उल्लू बनाता क्या बे?" मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. पण हसता हसता मनात आलं, आता बघायला काय राहिलं. पोरगा हात भाजून घेतोय आणि मी त्यावरून ठरवणार. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. मुख्तारभाई उठले. "सर, बैठो. हम दोनों नमाज पढ़ को आते. चाय और आती." बापलेक गेले. निलोफर पुडा घेऊन रेक्झिनच्या गुंडाळ्यांच्या मागं जाऊन बसली. चहाचा कप हातात घेऊन मी एकटा राहिलो.

बैठक आणि आतली खोली यांच्या मध्ये पडदा आहे. त्या पडद्यापर्यंत माझी हद्द. अशा किती घरांत मी बसलो असेन, कुठं पडदा, कुठं अर्धं लोटलेलं दार, आणि पलीकडून सत्यभामाचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. हसणं कळायचं, भांडं ठेवल्याचं कळायचं. कधी कधी पुष्कळ वेळ काहीच ऐकू यायचं नाही. त्या वेळी आत काय चालत असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही. मी बापाशी कामाचं, रस्त्याचं, पाण्याचं बोलत राहायचो.

"सर."

पडद्याआडून मेहरुन्निसा, याह्याची आई. ती मूळची फुलंब्रीची, तिचं मराठी तिकडच्या खेड्यातलं.

"बोला ताई."

"भाभीचं लई वाईट झालं. मयतीला मी आले व्हते. बायांत मागं उभी व्हते, तुम्हाला दिसले नसंल."

"नाही दिसलात."

"एक बोलायचं व्हतं. भाभी असत्या तर बोलले नसते. गयासच्या टायमाला भाभी नको म्हनल्या नव्हत्या. मी म्हनले व्हते."

मला कळलं नाही. मी तसं म्हणालो.

"भाभी आल्या, हितं पाटावर बसल्या. माहेरचं इचारलं, लेकरांचं इचारलं. मंग म्हनल्या, मेहरू, बाकीचे काय म्हनत्यात ते राहू दे. तुझं काय म्हननं? मला कुनी आसं इचारलंच नव्हतं सर. निकाहाला काजीसाहेबांनी इचारलं, तर मान बी मामीनं हलवली." ती जराशी हसली असावी. "मी म्हनले, भाभी, मला भ्या वाटतं. माझा धाकला भाऊ सोयगावच्या रस्त्याला जीपमधी गेला. खेळायलाच गेला व्हता, कबड्डी. तुमची बडी टीम जीपनं हिंडती. तुम्ही नको म्हना. मी म्हनले तर घरात हसत्यात, कुनी ऐकत नाय. भाभीनं माझा हात धरला. म्हनल्या, बरं. माझं नाव सांगते."

गुंडाळ्यांच्या मागं निलोफर नानखटाई खात होती, तेवढाच आवाज.

"आणि हात?" मी विचारलं.

"कोनता हात?"

"गयासचा. थंड लागला म्हणून..."

"हाताचं मला काय म्हाईत नाय, सर."

म्हणजे ते तिनं खामच्या पुलाच्या पुढं, बेगमपुरा गेल्यावर शोधून काढलं होतं. मी पहिल्यांदाच का म्हणून विचारलं आणि तिच्याजवळ सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. दिलेला शब्द मोडायचा नव्हता, म्हणून हाताला लागलेलं काहीतरी पुढं केलं. त्यावर मी एवढी वर्षं पोरांचे हात धरत आलो. ती बघत होती. कधी बोलली नाही. बोलली असती तर मेहरुन्निसाचं नाव निघालं असतं. मग मी बाकीची घरं आठवायला लागलो. ज्याला ती नको म्हणाली तो कारभारी नावाचा पोरगा, त्याच्या आईला काय हवं होतं? ज्याला घ्या म्हणाली त्यांच्या आया काय म्हणाल्या होत्या? पारख, पारख म्हणून मी जिचं नाव घेत होतो ती पारख नव्हतीच. ती आत जाऊन विचारत होती, आणि ज्या बायांचं कुणी ऐकत नाही त्यांचा शब्द आपल्या नावानं बाहेर आणत होती. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून मला देत होती. आणि मी तो पाळत होतो, कारण तो तिचा आहे असं मला वाटत होतं.

मला तिच्या शेवटच्या आजारपणातला दवाखान्याचा लांब पॅसेज आठवला. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले, खालच्या आवाजात म्हणाले, काका, ऑपरेशन करायचं का, तुम्ही सांगा. मी म्हणालो, करा. ती आत होती, दाराच्या काचेतून तिचे पाय दिसत होते. शुद्धीत होती. मी आत जाऊन तिला सांगितलं की ऑपरेशन ठरलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. दर घरी आत जाऊन जिनं विचारलं, तिच्यापाशी आत जाऊन कुणी विचारलं नाही. मला सुचलंच नाही. मी बैठकीत बसणारा माणूस. ती काय म्हणाली असती ते मला माहीत नाही. तिनं नको म्हटलं असतं का? घरी चला म्हटलं असतं का? आता कुणाला विचारणार.

"सर, चहा थंड झाला आसंल," मेहरुन्निसा म्हणाली.

"असू दे." मी कप खाली ठेवला. "ताई, आता याह्याचं आहे. तुमचं काय म्हणणं?"

हा प्रश्न मी पहिल्यांदाच कुणाला विचारत होतो. माझा आवाज मला बरा वाटला नाही. पडद्याच्या खालून तिची पावलं दिसत होती, ती हलली नाहीत.

"भ्या तर आजबी वाटतं," शेवटी ती म्हणाली. "पन मी गयासला रोज बघते. कंपनीतून येतो, जेवतो, भिताडाकडं बघत बसतो. टीव्हीवर मॅच लागली का उठून जातो. जीपपासून वाचवला मी त्याला. पन असा वाचवून काय केलं, ते मला कळत नाय. याह्याला न्या. आन् या टायमाला कुनाचं नाव सांगू नका. त्याची अम्मी व्हय म्हनली, आसं सांगा."

"सांगतो."

"आन् गयासला हे बोलू नका. तेवढं."

बाहेर चपलांचा आवाज झाला. मुख्तारभाई आणि याह्या आले. त्यांच्या मागं गयास होता, कंपनीच्या बसमधून नुकताच उतरलेला, हातात डब्याची पिशवी. त्यानं मला सलाम केला आणि दारातच उभा राहिला. अंगानं भरला होता. केस आत्ताच विरळ व्हायला लागले होते.

"रविवारी याह्याला उतरवतो," मी म्हणालो. "त्याच्या अम्मी हो म्हणाल्या."

मुख्तारभाईंनी पडद्याकडं पाहिलं. "इनको पूछे?"

"हो," मी म्हणालो.

"अच्छा!" ते हसणार होते, पण हसले नाहीत. दाढीवरून हात फिरवत उभे राहिले. याह्याला काय करावं कळेना, तो एकदा बापाकडं बघे, एकदा पडद्याकडं. गयासनं पिशवी खाली ठेवली, पुढं येऊन भावाच्या डोक्यावर टपली मारली. "मुबारक बे. बूट अच्छे ले. पुराने मत घिस." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, बेगमपुरे तक छोड़ते क्या? दोस्त के पास जाना है."

निघताना मी दारात थांबलो. सत्यभामा नेहमी मागाहून यायची, तिच्या चपला घालून होईपर्यंत मी थांबायचो. या वेळी मला माहीत होतं की कुणी येणार नाही, तरी थांबलो. पडदा जरासा सरकला आणि मेहरुन्निसा उंबऱ्यापर्यंत आली. सत्यभामाला सोडायला आली होती तशी आली आणि उभी राहिली.

गयास मागं बसला. फाटक्या सीटवर कुणी बसल्याची मला सवय राहिली नव्हती, गाडी जड लागली. थंडी होती. टाऊन हॉल मागं पडला. मकाई दरवाजाशी नेहमीसारखी गर्दी, मी वेग कमी केला. तेव्हा तो माझ्या कानामागून बोलला.

"सर, एक पूछूँ? गुस्सा नहीं होना."

"विचार."

"वो दिन आप और भाभी आए थे ना. भाभी के लिए पानी मैं लाया था. गर्मी के दिन थे. आप लोग आ रहे करको अम्मी ने बर्फ मंगाई थी, जग में डाली थी. गिलास पकड़ को मैं वहीं खड़ा था. अब्बा बातां कर रहे थे, भाभी ले नहीं रहे थे. हाथ तो ठंडा होंगाच ना सर? डर नहीं था. बर्फ का पानी था. इत्ते साल से बोलना था आपको."

इतकी वर्षं त्यानं हे जपून ठेवलं होतं. चितेगावला जाता-येता, वेल्डिंगची काच तोंडापुढं धरून, भिंतीकडं बघत. खरं सांगितलं तर त्याच्या घरात पडद्याआड उभी असलेली ती बाई उघडी पडत होती. नाही सांगितलं तर हा जन्मभर त्या बर्फाच्या पाण्यात हात घालून बसणार. सत्यभामा असती तर तिनं काय केलं असतं, ते मात्र मला तेवढ्यात कळलं. तिनं आपलं नाव सांगितलं असतं.

दरवाज्याच्या पलीकडं, पुलाच्या आधी मी गाडी कडेला घेतली.

"हाताचं काही नव्हतं रे गयास," मी म्हणालो. "भाभीचंही काही नव्हतं. तू तयार होतास. मलाच पारख नव्हती."

तो उतरला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"सच्ची, सर?"

"सच्ची. तू तयार होतास."

तो नदीकडं बघत राहिला. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या, एक रिक्षावाला शिवी देऊन गेला. मग गयासनं शर्टाला हात पुसला, मैदानावरची पोरं पुसतात तसा, आणि माझ्यापुढं केला. मी तो हातात घेतला. गरम होता की थंड, ते बघितलं नाही. नुसता धरून ठेवला.